‘सरकार घरात नको’ म्हणणारे लोक लग्न आणि गर्भपात या दोन बाबतींत सरकार का मागतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: “आम्ही दीड वर्षापूर्वी पुण्याहून डॅलसजवळ राहायला आलो. शेजारी नियमित चर्चला जाणारं, फार प्रेमळ कुटुंब आहे. आमची मुलगी झाली तेव्हा पंधरा दिवस त्यांच्याकडून जेवण येत होतं. हेच शेजारी गर्भपात आणि समलिंगी विवाह दोन्हींच्या कडक विरोधात आहेत आणि त्याच दमात ‘सरकारनं लोकांच्या आयुष्यात नाक खुपसू नये’ असंही म्हणतात. ऑफिसातला एक रिपब्लिकन सहकारी तर म्हणतो, सरकारनं लग्नातूनच अंग काढून घ्यावं. यांचा एकमेकांशी मेळ कसा लागतो? शिवाय माझा मावसभाऊ न्यू जर्सीत त्याच्या जोडीदाराशी लग्न करतोय. ते लग्न टेक्सासमध्ये आणि पुढेही टिकेल ना?”

मी २००३ पासून ह्यूस्टनमध्ये कौटुंबिक कायद्याची वकिली करते. त्याच वर्षीच्या जूनमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ‘लॉरेन्स विरुद्ध टेक्सास’चा निकाल दिला आणि समलिंगी संबंध हा गुन्हा राहिला नाही. तो खटला आमच्याच हॅरिस काउंटीतला. माझं मत आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला ते वजा करता येईल. समलिंगी विवाह कायदेशीर असावा असं मला मनापासून वाटतं आणि गर्भपाताचा निर्णय बाईनं डॉक्टरशी बोलून घ्यावा असंही वाटतं. पण माझे बरेचसे अशील तुमच्या शेजाऱ्यांसारखेच आहेत. त्यांची बाजू त्यांना ‘हो, असंच आहे आमचं’ म्हणावंसं वाटेल इतकी नीट मांडता आली नाही, तर मी इथे बसून काय उपयोग?

गर्भपातापासून सुरुवात करते, कारण आपली मराठी माणसं सर्वांत जास्त तिथेच गोंधळतात.

तुमच्या शेजाऱ्यांच्या लेखी हा खासगी आयुष्याचा प्रश्नच नाही. गर्भधारणेच्या क्षणापासून तिथे एक माणूस आहे, ही त्यांची धारणा. ती एकदा धरली की मग सरकार कितीही छोटं असलं तरी माणसाचा जीव वाचवणं हे त्याचं पहिलं काम ठरतं. खुनाविरुद्धच्या कायद्याला कोणी ढवळाढवळ म्हणत नाही. त्यामुळे ‘तुम्ही छोटं सरकार मागता आणि इथे पोलीस बोलावता’ हा आपला टोमणा त्यांना लागतच नाही. विसंगती त्यांच्या तर्कात नाही. मतभेद आहे तो पहिल्या धारणेवर, आणि वाद घालायचा तर तिथेच घालावा लागतो.

आपल्याला हे चटकन उमगत नाही, कारण भारतात हा विषय वेगळ्याच दारानं आला. महाराष्ट्रातले मंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं असुरक्षित गर्भपातांनी दगावणाऱ्या बायकांचा विचार केला आणि त्यातून १९७१ चा कायदा झाला. लोकसंख्येची चिंताही मागे होतीच. गर्भाला आत्मा आहे की नाही यावर निवडणुका लढल्या गेल्या नाहीत. आपल्याकडे लढाई झाली ती लिंगनिदानावर. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानेच केला. म्हणून टेक्सासमध्ये हायवेवर ‘जन्माआधीचं बाळ वाचवा’ अशी पाटी दिसली की आपण ती ‘मुलगी वाचवा’च्या कानांनी ऐकतो. त्या पाटीचा अर्थ तो नव्हे.

ही धारणाही इथे सगळ्यांचीच फार जुनी नाही. कॅथलिक चर्चचा विरोध आधीपासूनचा. पण सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन, म्हणजे तुमच्या भागातल्या प्रोटेस्टंटांची सर्वांत मोठी संघटना, तिने १९७१ मध्ये ठराव केला होता की बलात्कार, गर्भातलं गंभीर व्यंग, किंवा आईच्या शारीरिक, मानसिक, भावनिक आरोग्याला धोका, अशा स्थितीत गर्भपाताला मुभा देणारे कायदे व्हावेत. रोनाल्ड रेगन यांनी कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असताना १९६७ मध्ये तिथला गर्भपाताचा कायदा शिथिल करणाऱ्या विधेयकावर सही केली होती. गर्भपाताला देशभर घटनात्मक संरक्षण देणारा १९७३ चा ‘रो विरुद्ध वेड’ निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ब्लॅकमन यांना निक्सन यांनी नेमलं होतं. हे मी त्यांना ढोंगी ठरवण्यासाठी सांगत नाही. बॅप्टिस्ट संघटनेनं २००३ मध्ये आपल्या त्या जुन्या ठरावांबद्दल उघड खेद व्यक्त केला. आधी दुर्लक्ष केलं आणि नंतर डोळे उघडले, अशी त्यांची स्वतःची कथा आहे, आणि ती ते प्रामाणिकपणे सांगतात.

२४ जून २०२२ ला ‘डॉब्स’ निकालानं ‘रो’ रद्द झाला आणि पन्नास वर्षं एकत्र चाललेली ही मंडळी आपापसांत फुटली. एक गट म्हणतो, प्रश्न राज्यांकडे गेला, आता बास. दुसरा विचारतो, जीव जर जीव आहे तर राज्याची सीमा ओलांडली की त्याची किंमत बदलते का? तर्काच्या कसोटीवर दुसरा गट जास्त सरळ आहे. मतपेटीनं मात्र त्याला साथ दिली नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅन्ससमध्ये, म्हणजे पक्क्या रिपब्लिकन राज्यात, गर्भपाताचं संरक्षण काढून घेणारी घटनादुरुस्ती मतदारांनी सुमारे ५९ टक्के मतांनी फेटाळली. २०२३ मध्ये ओहायोनं संरक्षण राज्यघटनेत घातलं. अलाबामाचं उदाहरण तर बोलकं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं गोठवलेले भ्रूण हीसुद्धा मुलंच, असं ठरवलं. आयव्हीएफ केंद्रांनी उपचार थांबवले, मूल होण्यासाठी धडपडणारी चर्चची जोडपी हवालदिल झाली आणि तीन आठवड्यांत त्याच कॉन्झर्व्हेटिव्ह विधिमंडळानं केंद्रांना संरक्षण देणारा कायदा केला. धारणा शेवटपर्यंत नेली तर आपल्याच घरातल्या पाळण्यापर्यंत येते, हे त्या महिन्यात पुष्कळांना दिसलं.

टेक्सासच्या एका कायद्याबद्दल मात्र मला स्पष्ट बोलायचं आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये लागू झालेल्या कायद्यानं गर्भाच्या हृदयाची हालचाल दिसल्यानंतर, म्हणजे साधारण सहाव्या आठवड्यानंतर, गर्भपातास मदत करणाऱ्यावर कोणाही नागरिकाला दावा लावायची मुभा दिली आणि जिंकल्यास किमान १०,००० डॉलर. सरकार स्वतः बाजूला उभं आणि शेजाऱ्याच्या हातात काठी. मला तो कायदा तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. तुमचं घर टेक्सासमध्ये आहे म्हणून एवढं लक्षात ठेवा: आता इथे गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी आहे, बलात्काराचा अपवादसुद्धा नाही. शिक्षा बाईला नसून डॉक्टरला होते, ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. आईच्या जिवाला धोका असेल तेव्हा डॉक्टरनं वाट पाहत बसायची गरज नाही, हे स्पष्ट करणारा कायदा २०२५ मध्ये झाला. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर डॉक्टरशी हे आधीच मोकळेपणानं बोला.

समलिंगी विवाहाच्या विरोधाचा पाया निराळा आहे. इथे कोणाचा जीव जातो असं कोणी म्हणत नाही. प्रश्न आहे लग्न कशासाठी असतं हा. प्रिन्स्टनचे रॉबर्ट जॉर्ज यांच्यासारखे अभ्यासक म्हणतात, लग्न म्हणजे दोन माणसांच्या प्रेमावर सरकारनं मारलेला शिक्का नव्हे. स्त्री-पुरुषाच्या संबंधातून मूल होतं, त्या मुलाला त्याचे आईबाप मिळावेत म्हणून समाजानं घट्ट बांधलेली ती गाठ आहे. व्याख्या बदलली की गाठच सैल होते. या मांडणीत एक अडचण पहिल्यापासून आहे आणि ती त्यांच्यातल्याच विचारी लोकांनी मान्य केली आहे: गाठ सैल झाली ती समलिंगी जोडप्यांमुळे नव्हे. दोष सिद्ध न करता घटस्फोट देणारा देशातला पहिला कायदा १९७० पासून कॅलिफोर्नियात लागू झाला आणि त्यावरही सही रेगन यांचीच. लुईझियानानं १९९७ मध्ये ‘कव्हेनंट मॅरेज’ आणलं, ज्यात आधी समुपदेशन घ्यावं लागतं आणि घटस्फोट सहज मिळत नाही. ऍरिझोना आणि आर्कान्सा मागोमाग गेले. अमेरिकी प्रतिनिधीगृहाचे सभापती माइक जॉन्सन यांचं लग्न त्याच प्रकारचं. पण ती पद्धत निवडणारी जोडपी मूठभरच राहिली.

त्याच परंपरावादातून उलट दिशेचा युक्तिवादही निघाला, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. लेखक अँड्र्यू सलिव्हन यांनी १९८९ मध्ये लिहिलं की समलिंगी लोकांना लग्न द्या, कारण स्थैर्य, निष्ठा, एकमेकांची जबाबदारी ही मूल्यं कॉन्झर्व्हेटिव्हांचीच आहेत. २००० च्या निवडणुकीचा खटला बुश यांच्यासाठी जिंकणारे टेड ओल्सन यांनी पुढे कॅलिफोर्नियातली समलिंगी विवाहबंदी कोर्टात आव्हानाखाली आणली. आणि सोबतीला घेतलं कोणाला? २००० मध्ये समोरच्या बाजूनं लढलेले डेव्हिड बॉईस यांना. मुलांवरून आईबापांची मतं बदलली. उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांची मुलगी समलिंगी होती, त्यांनी स्वतःच्या पक्षाच्या पुढे जाऊन बाजू घेतली. ओहायोचे सिनेटर रॉब पोर्टमन यांनी २०१३ मध्ये मत बदललं, कारण मुलानं घरात येऊन आपलं खरं सांगितलं होतं.

माझ्या ऑफिसातही हेच घडलेलं मी पाहिलं आहे. २०१६ मध्ये एक सत्तरीचे गृहस्थ आले, चर्चमध्ये पदाधिकारी. मृत्युपत्र करायचं होतं. मुलीच्या बायकोचं नाव सांगताना ते दोनदा थांबले. मग म्हणाले, “लिहा, सून. दुसरा शब्द मला सापडत नाही.” चर्च त्यांनी सोडलं नाही. लग्नाबद्दलची शिकवण चुकीची आहे असंही ते म्हणाले नाहीत. फक्त घर आपल्या मागे कोणाला मिळावं, ते त्यांनी ठरवून टाकलं.

गर्भपातावर पन्नास वर्षांत लोकमत फारसं हललं नाही आणि लग्नावर इतकं हललं, याचं कारण मला इथेच दिसतं. समलिंगी माणूस टेबलाच्या पलीकडे बसून बोलू शकतो. गॅलपच्या पाहणीत १९९६ मध्ये २७ टक्के अमेरिकन लोकांचा समलिंगी विवाहाला पाठिंबा होता, २०२२ मध्ये ७१ टक्के. रिपब्लिकनांमध्येही २०२१ आणि २०२२ मध्ये तो ५५ टक्के झाला होता. पण २०२५ मध्ये तो ४१ टक्क्यांवर आला आहे. माझा अंदाज असा की शाळा, ट्रान्सजेंडर मुलं, खेळ यांवरून जे वाद पेटले त्यांचा धूर लग्नापर्यंत पोहोचला. जून २०२५ मध्ये तुमच्याच डॅलसमध्ये बॅप्टिस्ट संघटनेनं समलिंगी विवाह देशभर वैध करणारा सुप्रीम कोर्टाचा २०१५ चा निकाल उलटवावा असा ठराव केला. २०२४ च्या रिपब्लिकन जाहीरनाम्यातून मात्र ‘लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री’ हे वाक्य गाळलं गेलं होतं. एकाच छत्रीखाली दोन्ही चाललंय.

आता सरकारचा प्रश्न. इथे आपली सप्तपदी कामाला येते.

हिंदू विवाह कायद्याचं सातवं कलम आठवा. सप्तपदीची रीत असेल तिथे सातवं पाऊल पडलं की लग्न लागलं. नोंदणी नंतर येते, ती पुरावा म्हणून. भारताच्या सुप्रीम कोर्टानं २०२४ मध्ये हेच पुन्हा सांगितलं: विधीच झाला नसेल तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्यानं हिंदू विवाह होत नाही. (गोव्यात उलट. तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यामुळे नोंदणी कार्यालयातली सही चुकत नाही.) अमेरिकेत साधारणपणे आधी काउंटी क्लर्ककडून लायसन्स, मग विधी. टेक्सासमध्ये लायसन्स हातात आल्यावर ७२ तास थांबायचं, आणि अंतरपाट दूर झाल्यावर गुरुजींनी त्यावर सही करून तीस दिवसांच्या आत ते क्लर्ककडे परत पाठवायचं. त्या सहीपुरते गुरुजी राज्याचे प्रतिनिधी असतात. हे न कळल्यामुळे तीनशे माणसांच्या पंगती उठूनही कागदावर काहीच नाही, असं प्रकरण माझ्याकडे आलेलं आहे.

तुमच्या शेजाऱ्यांचं म्हणणं आपल्या सातव्या कलमासारखं आहे: लग्न सरकारच्या आधीचं आहे, सरकार ते फक्त ओळखतं. गंमत अशी की या एकाच वाक्यातून दोन रस्ते फुटतात. शेजारी म्हणतात, जे सरकारनं निर्माण केलं नाही त्याची व्याख्या सरकारनं बदलू नये, उलट राखावी. सहकारी म्हणतो, जे सरकारनं निर्माण केलं नाही त्यातून सरकारनं बाहेर पडावं. सिनेटर रँड पॉल यांनी २०१५ च्या निकालानंतर दोनच दिवसांत हेच जाहीरपणे लिहिलं. दोघंही कॉन्झर्व्हेटिव्ह, दोघांची सुरुवात एकच, आणि शेवट एकमेकांविरुद्ध. तुम्हाला मेळ लागत नव्हता तो यामुळे. तिसरी एक वाट आहे ती राज्यांच्या हक्काची: लग्नाचा कायदा राज्यांचा, वॉशिंग्टननं त्यात पडू नये. तीही प्रत्येकानं पाळली नाही. १९९६ मध्ये समलिंगी विवाह फेडरल पातळीवर नाकारणारा ‘डोमा’ कायदा झाला, क्लिंटन यांच्या सहीनं. त्याचे कर्ते बॉब बार यांनीच पुढे २००९ मध्ये तो रद्द व्हावा असं म्हटलं, आणि त्यांचा मुख्य आक्षेप हाच होता की त्यानं राज्यांचा अधिकार तुडवला.

तुमच्या सहकाऱ्याचा विचार ऐकायला स्वच्छ वाटतो. मीही तरुणपणी त्याच्या प्रेमात होते. वकिली करताना ते प्रेम ओसरलं. अलाबामानं हा प्रयोग थोडासा करून पाहिला आहे. ऑगस्ट २०१९ पासून तिथे लायसन्स नाही, विधी नाही. जोडप्यानं एक फॉर्म भरायचा, नोटरीसमोर सही करायची, प्रोबेट कोर्टात नोंदवायचा. काही न्यायाधीश समलिंगी जोडप्यांना लायसन्स द्यायला तयार नव्हते, त्यावर काढलेला हा तोडगा. वाईट नाही. पण सरकार बाहेर गेलं का? घटस्फोट, वारसा, पोटगी, मुलांचा ताबा, सगळं कोर्टातच. फक्त उंबरठ्यावरचा माणूस उठून गेला.

२००४ मध्ये सरकारी लेखा कार्यालयानं मोजलं, तेव्हा फेडरल कायद्यांत १,१३८ तरतुदी अशा निघाल्या ज्यांत लग्न झालंय की नाही यावर काहीतरी अवलंबून आहे. नवराबायकोनं आपसांत कितीही सुंदर करार केला तरी इमिग्रेशन खातं त्या करारात पक्षकार नसतं. हॉस्पिटल नसतं, सोशल सिक्युरिटी नसते, आणि मूल तर नसतंच. एडिथ विंडसर यांचं उदाहरण घ्या. चार दशकांहून जास्त काळच्या जोडीदारीण थिया स्पायर गेल्यावर त्यांना ३,६३,०५३ डॉलर फेडरल वारसाकर भरावा लागला, कारण ‘डोमा’मुळे वॉशिंग्टनच्या लेखी त्या कोणीच नव्हत्या. नवरा गेला असता तर एक डॉलरही नाही. तो पैसा त्यांना ‘डोमा’तली ती तरतूद रद्द करणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या २०१३ च्या निकालानं परत मिळवून दिला. जिम ओबरगेफेल यांची मागणी तर त्याहून साधी होती. मरणाला टेकलेल्या जॉन आर्थर यांच्याशी त्यांनी मेरीलँडच्या विमानतळावर, विमानातच लग्न केलं, आणि ओहायोनं मृत्यूच्या दाखल्यावर त्यांना पती म्हणून लिहावं एवढंच मागितलं. त्यातून समलिंगी विवाह देशभर वैध करणारा २६ जून २०१५ चा निकाल आला.

टेक्सासमध्ये त्याआधीची दहा वर्षं मी जे पाहिलं ते या सगळ्याहून माझ्या लक्षात राहिलंय. मॅसॅच्युसेट्समध्ये, जिथे ते कायदेशीर होतं, लग्न केलेली समलिंगी जोडपी इथे राहायला यायची आणि त्यांतली काही, इतरांसारखीच, मोडायची. त्यांना घटस्फोट मिळत नसे. घटस्फोट द्यायचा तर आधी लग्न झालं होतं हे मानावं लागतं! डॅलसच्या अपील कोर्टानं २०१० मध्ये तसा निकालच दिला होता. दोन बायका माझ्यासमोर बसून विचारत होत्या, “आमचं लग्न नाही म्हणता, मग आम्हाला सोडत का नाही?” मॅसॅच्युसेट्सला जाऊन राहिल्याशिवाय तिथलं कोर्टही घटस्फोट देईना. घराचे हप्ते दोघींच्या नावावर, आणि निवाडा करायला कोणी नाही. लग्नातून सरकार बाहेर काढायचं म्हणजे काय, हे मी तेव्हा पाहिलं. लग्न लागताना सरकार नसलं तरी चालतं. मोडताना दुबळ्या माणसाला न्यायाधीश लागतो.

आता तुमचा मावसभाऊ. लग्न न्यू जर्सीत आहे हे बरं. आज २०१५ चा निकाल पूर्ण लागू आहे. केंटकीच्या क्लर्क किम डेव्हिस यांनी तो उलटवावा म्हणून केलेली याचिका सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२५ मध्ये ऐकायलाही घेतली नाही. न्यायमूर्ती थॉमस यांनी ‘डॉब्स’मध्ये तो निकाल पुन्हा तपासावा असं लिहिलं होतं खरं, पण त्यांच्याबरोबर त्या मतावर कोणी सही केली नाही. समजा उद्या तो उलटला, तर टेक्सासच्या राज्यघटनेत २००५ मध्ये ७६ टक्के मतांनी घातलेली बंदी अजून तशीच पडून आहे, ती जागी होईल आणि इथे नवी लायसन्स थांबू शकतील. पण डिसेंबर २०२२ मध्ये झालेल्या कायद्यानुसार, जिथे लग्न झालं तिथे ते वैध असेल तर फेडरल सरकारला आणि प्रत्येक राज्याला ते मानावंच लागतं. त्या कायद्याला बारा रिपब्लिकन सिनेटरांनी मत दिलं आणि मॉर्मन चर्चनं पाठिंबा दिला, धर्मसंस्थांना आपल्या दारात असं लग्न लावायची सक्ती नाही या अटीवर. मला ती तडजोड प्रामाणिक वाटते. दोघांपैकी एक एच-१बी वर असेल तर दुसऱ्याला एच-४, म्हणजे जोडीदाराचा व्हिसा, मिळतो. २०१३ पासून यात फरक केला जात नाही.

तरीही त्याला चार कागद करायला सांगा. दोघांची मृत्युपत्रं. वैद्यकीय निर्णयांचं अधिकारपत्र, आणि प्रवासात त्याची प्रत फोनमध्ये. मूल झालं तर जन्मदाखल्यावर दोघांची नावं आहेत एवढ्यावर थांबू नका, कोर्टाकडून दत्तकाचा हुकूम घ्या. दाखला ही नोंद आहे, हुकूम हा निकाल आहे, आणि दुसऱ्या राज्याचा असा निकाल अलाबामाला मानावाच लागेल असं सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्ये सांगितलेलं आहे. भारताची बाजू वेगळी सांभाळा. भारताच्या सुप्रीम कोर्टानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, त्या ऑक्टोबर २०२३ च्या निकालानंतर पुण्यात त्याच्या लग्नाला कायद्याची ओळख नाही. कोथरूडच्या फ्लॅटसाठी किंवा बँकेच्या ठेवींसाठी तिथलं वेगळं मृत्युपत्र करा. नुसतं नॉमिनी लावून भागत नाही, नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. हे सगळं त्याच्या परिस्थितीप्रमाणे तिथल्या आणि इथल्या वकिलाला एकदा दाखवून घ्या. आणि न्यू जर्सीतून लग्नाच्या दाखल्याच्या तीन प्रमाणित प्रती काढायला सांगा: एक इमिग्रेशनच्या फाइलला, एक सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात दाखवायला, एक घरी.